नमस्काराचा हात आणि पुढचा ब्रेक

रायपुरात सायकल घ्यायला निघालेल्या माणसाला किमतीबद्दल कोणी काही विचारत नाही. सगळे हँडलबद्दल बोलतात. पैसे ज्याचे त्याचे, हँडल मात्र सार्वजनिक. चेन, गिअर, छर्रे ही मालकाची खासगी बाब. समोरून येणाऱ्याला आधी हँडल दिसतं, मग त्याच्यामागे तुम्ही. साहजिकच कुठल्या हँडलमागे तुम्ही शोभाल हे ठरवायचा हक्क समोरच्याकडे जातो, आणि रायपुरात समोरून कोणी ना कोणी ओळखीचं येतच असतं.

शहरात सध्या तीन पक्ष आहेत. पहिला सरळ दांडीवाल्यांचा. ही मंडळी पहाटे तेलीबांधा तलावाच्या काठी भेटतात. आसपास कुठेही समुद्र नसताना त्या काठाला आम्ही मरीन ड्राइव्ह म्हणतो. सरळ हँडल मूळचं डोंगरातल्या दगडगोट्यांसाठी केलेलं. दांडी रुंद, कोपरं बाहेर, चाकाने हिसका दिला तरी पकड सुटायला नको. रायपूर सपाट आहे. इथला नाव घेण्याजोगा चढ म्हणजे ओव्हरब्रिज. पण माणसाने तयारीत असलेलं बरं. दुसरा पक्ष खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवाल्यांचा. त्यांचं संमेलन रविवारी सकाळी नवा रायपूरच्या रस्त्यांवर भरतं. तिथे रस्ते आधीच येऊन बसलेत, माणसं अजून येताहेत. सायकलवाल्याला आणखी काय हवं? तिसरा पक्ष जुन्या, मागे वळलेल्या हँडलचा. हा कुठेच जमत नाही, कारण तो व्यायामाला निघालेलाच नसतो. तो ड्यूटीवर नाहीतर शास्त्री बाजारात भाजीला निघालेला असतो. रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसतो तो हाच, आणि आपण एक पक्ष आहोत याची त्याला खबर नाही.

मी या तिसऱ्यांतला. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा ठेवू नये.

जुन्या काळ्या सायकलचं हँडल मुठी तुमच्यापर्यंत आणून देतं. तुम्हाला मुठींकडे जावं लागत नाही. पाठ ताठ राहते, मान फिरते, आणि दोन्ही वळणांत एकेक थैली अडकवली की ती वळणातच राहते. एकीकडे अमाडी, चेच भाजी, लाल भाजी, दुसरीकडे बटाटे, आणि वजनं थोडीफार जुळवली की झालं. सरळ दांडीवर हीच थैली मधे सरकत येते आणि चाकाशी लगट करू लागते. घरी पोचेपर्यंत लाल भाजी निवडून, चिरून, निम्मी स्पोकांना वाढून झालेली असते. घरच्यांना वाटतं दुकानदाराने फसवलं.

दुसरा गुण दुरुस्तीचा. सायकल पडली आणि हँडल तिरपं झालं तर पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरायचं, मुठी पकडायच्या, एक डोळा मिटायचा आणि हँडल चाकाशी काटकोनात येईपर्यंत हिसडे द्यायचे. सातवीतलं पोरही हे करतं आणि पुसता पुसता कपड्यांवरची धूळ शर्टापासून पँटपर्यंत नेतं. नव्या सायकलीला याच कामासाठी ॲलन की लागते आणि बोल्ट किती आवळायचा तेही स्टेमवर छापलेलं असतं: ५ न्यूटन-मीटर. आमच्या मिस्त्रीने ते चष्मा वर करून वाचलं, म्हणाला, “एमा का लिखे हे?” आणि सांगेपर्यंत आवळून मोकळा झाला.

छत्तीसगड सरकारने सरस्वती सायकल योजनेत नववीतल्या मुलींना सायकली वाटल्या, तेव्हा हँडल कुठलं हवं असं कोणालाही विचारलं नाही. सरकारने न विचारता केलेल्या गोष्टींत ही एक बरी निघाली. सकाळी गावाकडच्या रस्त्याला शाळेत निघालेल्या मुलींची रांग बघा. पाठी सरळ, वेण्या सरळ, नजर समोर आणि तोंडं अखंड चालू. चार सायकली एका ओळीत जाताहेत, मागून ट्रक भोंगा वाजवतोय आणि गोष्ट अर्धवट सोडायला कोणी तयार नाही. छातीवर हनुवटी टेकवून, खाली वाकून अशा गप्पा होत नाहीत. निदान ऐकू तरी जात नाहीत.

पण ताठ बसण्याचं रायपुरातलं खरं कारण पाठीचा कणा नाही, नमस्कार आहे.

इथला मराठी माणूस दोन हप्त्यांत आला. आधी नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, आणि नंतर १९५६ पर्यंत नागपूर हीच राजधानी होती तेव्हा कचेऱ्या, कोर्ट आणि शाळांच्या निमित्ताने. बूढापाऱ्यात माधवराव सप्र्यांच्या नावाची शाळा आहे, वामनराव लाख्यांच्या नावाचं लाखेनगर आहे, आणि तात्यापाऱ्यात कोपऱ्याकोपऱ्यावर कोणाचे तरी काका आहेत. तात्यापाऱ्यातून बूढा तलावापर्यंत जायचं तर अंतर थोडं आणि नमस्कार फार. काकांना नमस्कार, दूधवाल्याला राम राम, शेजारच्या छत्तीसगढी आजोबांना जय जोहार. मराठी मंडळाच्या कार्यकारिणीतला कोणी दिसला तर यातलं काहीही चालतं, पण उतरावं लागतं.

जुन्या हँडलवर हे सगळं आपोआप होतं. सरळ दांडीवर निदान मान डोलावता येते. ड्रॉप हँडलवाल्याला पुढचा टायर, त्यापुढे हातभर डांबर आणि आपलाच घाम एवढंच दिसतं. काका हात वर करून उभे राहतात आणि त्यांच्या समोरून हेल्मेट निघून जातं. संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचते की मुलगा ओळख दाखवत नाही, शिष्ट झालाय, पगार वाढलाय वाटतं. पगार वाढलेला नसतो. हँडलची उंची चार बोटं कमी झालेली असते.

नमस्कार उजव्या हाताने करायचा. म्हणजे तेवढ्या वेळापुरता सायकलीचा सगळा कारभार डाव्या हाताकडे. तेव्हा डाव्या हातात कुठला ब्रेक असावा, हा प्रश्न वाटतो तेवढा तांत्रिक नाही.

आपल्याकडे काळ्या सायकलींच्या जमान्यापासून उजवी लिव्हर पुढच्या चाकाची, डावी मागच्या. ही रीत इंग्रजांची. तिथे आता नव्या सायकली अशाच जोडून विकाव्यात असं २०१० च्या नियमांत लिहिलेलंही आहे. कारण सांगतात ते असं: गाड्या डावीकडून चालतात, उजवीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर काढून दाखवावा लागतो, आणि तेवढ्यात थांबायची वेळ आली तर डाव्या हातात मागचा ब्रेक असावा. अमेरिकेत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत गाड्या उजवीकडून, म्हणून तिथे ब्रेकही उलटे. पुढचा डाव्या हाताला.

पुढचा ब्रेक लावला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, चाक रस्त्याला चिकटतं आणि सायकल थांबते. म्हणून थांबवण्याचं खरं काम त्याचंच. मागचा ब्रेक मवाळ आहे. तो फार तर चाक घसरवतो, माणूस घसरवत नाही. पुढचा एकटाच जोरात दाबला तर चाक थांबतं आणि तुम्ही मात्र ठरल्याप्रमाणे पुढे जात राहता. आता कल्पना करा की परदेशी रीतीने जोडलेली सायकल आहे आणि सप्रे शाळेच्या वळणावर निवृत्त हेडमास्तर समोर आले. उजवा हात आदराने वर गेला. डाव्या हाताने आदरानेच ब्रेक दाबला. मास्तरांना त्या वर्षातला पहिला साष्टांग नमस्कार मिळाला, आणि तोही हेल्मेटसकट.

खोक्यातून आलेली सायकल जोडायला नेली की आमचा मिस्त्री पहिला प्रश्न हाच विचारतो. “सामने के बिरेक कोन हाथ म रखंव, भैया?” तरुण गिऱ्हाईक गोंधळतं. मोबाइलवरच्या गोऱ्या माणसाने डावीकडे सांगितलेलं असतं, घरच्या जुन्या सायकलीला उजवीकडे असतो. तो मान खाजवू लागतो. मग मिस्त्री दुसरा प्रश्न विचारतो, “जोहार कोन हाथ ले करथव?” आणि उत्तराची वाट न बघता वायर उजवीकडे ओवतो. ब्रिटनच्या नियमावलीत हाताने इशारा करण्याची एवढी काळजी घेतलेली आहे, पण जोहार कोणाच्या डोक्यातही आला नसेल.

वायर ओवणं हे बघत बसण्यासारखं काम आहे. वायरच्या टोकाला धातूचा मणी असतो. तो लिव्हरच्या खोबणीत बसवायचा, उरलेली वायर नळीतून सोडायची, खाली ब्रेकपाशी ती पकडीने ताणायची, त्याच वेळी ब्रेकचे दोन्ही रबर रिमला दाबून धरायचे आणि त्याच वेळी नट आवळायचा. हिशेबाने हात तीन लागतात. मिस्त्री तिसऱ्याचं काम गुडघ्याकडून करून घेतो आणि मधे चहाही सांगतो. मग चाक फिरवून कान लावतो. रबर रिमला घासत नाही याची खात्री पटली की “बने हे” म्हणतो. त्याच्याकडून मिळणारं प्रमाणपत्र एवढंच.

एक काळ असा होता की हँडल हाच ब्रेक होता. १८६० च्या दशकातल्या फ्रेंच मिशो सायकलींना हँडलची दांडी जागच्या जागी पिळायची सोय होती. पिळली की दोरी गुंडाळली जायची आणि मागच्या चाकावर ब्रेक दाबला जायचा. त्यानंतर ती उंच चाकाची सायकल आली, जिच्यावर चढायलाच धाडस लागायचं. उतारावर तिचे शहाणे स्वार दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकून बसत. पडणार हे ठरलेलंच होतं. निदान डोक्यावर न पडता पायांवर पडावं एवढीच इच्छा. तारेच्या ब्रेकमधली ती नळीतून जाणारी वायर आली अर्नेस्ट बोडेनच्या १८९६ च्या पेटंटमधून. पण आपल्या काळ्या सायकलीने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिने सळईचे ब्रेक धरून ठेवले. हँडलखालची लिव्हर वर ओढायची, सळया एकमेकींना निरोप देत खालपर्यंत जातात आणि रबर रिमला आतून येऊन भिडतं. पावसाळ्यात निरोप थोडा उशिरा पोचतो. पण सळई तुटली असं मी ऐकलेलं नाही.

चौबे कॉलनीत राहणारा माझा भाचा दुसऱ्या पक्षात गेला तेव्हा त्याने मला समजावण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. “मामा, हँडलने शर्यती जिंकल्यात हो.” हे मात्र खरं आहे. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड लॉराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता आणि उरलेलं अंतर होतं साडेचोवीस किलोमीटर. लेमाँडने ट्रायथलॉनवाले वापरायचे तसं हँडल लावलं. हात पुढे, कोपरं जवळ, वाऱ्याला अंग कमीत कमी. फिन्याँ जुन्याच पद्धतीने, उघड्या डोक्याने, शेंडी उडवत निघाला. तीन आठवड्यांची शर्यत लेमाँडने ८ सेकंदांनी जिंकली. तेव्हापासून फिन्याँच्या शेंडीने किती सेकंद खाल्ले यावर जगभर वाद चालू आहे. आमच्याकडे असतं तर निकाल केव्हाच लागला असता: न्हाव्याकडे पाठवा.

ग्रॅम ओब्री हा स्कॉटिश गृहस्थ याच्याही पुढचा. त्याने स्वतःच सायकल बनवली, तिच्यात धुण्याच्या मशीनचं बेअरिंग घातलं, हँडल इतकं आखूड आणि जवळ घेतलं की हात छातीखाली दुमडून गेले, आणि १७ जुलै १९९३ ला नॉर्वेत एका तासात ५१.५९६ किलोमीटर जाऊन विश्वविक्रम केला. पुढच्याच वर्षी सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती बैठक बेकायदा ठरवली. त्याने मग हात सरळ पुढे पसरून दुसरी काढली. तीही बंद केली. अलीकडे काही स्वारांनी लिव्हर आतल्या बाजूला वळवून हात जवळ आणायची युक्ती काढली, तर तिच्यावरही मर्यादा आली. माणसाने कसं बसावं यावर इतकं लक्ष ठेवणारी दुसरी संस्था मला फक्त आमच्या आत्याच्या रूपात माहीत आहे.

वाकून बसण्याची पावती शेवटी मान फाडते. अमेरिका ओलांडायची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जवळपास ४,८०० किलोमीटरची. १९८३ मध्ये मायकल शर्मर नावाच्या स्वाराची मान तिथे इतकी दमली की डोकं वर राहीना. त्या दुखण्याला त्याचंच नाव पडलं, आणि लोक हनुवटीखाली टेकू लावून शर्यत पुरी करू लागले. हीच शर्यत नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने पुरी केली, आणि आमच्या शेजारच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये एकट्याने. या तिघांपुढे माझं जुनं हँडल खाली मान घालतं. भाच्याला मी एवढंच म्हणालो की ते सगळे डॉक्टर आहेत. त्यांना दुखलं तर औषध घरचंच.

पिकासोला हँडलकडे बघून जे सुचलं ते सांगायचं राहिलं. १९४२ मध्ये त्याने एक जुनी सीट आणि एक हँडल एकत्र जोडलं आणि बैलाचं डोकं तयार केलं. जगातल्या मोठमोठ्या जाणकारांनी ते पाहून माना डोलावल्या. पोळ्याला मातीचे नांदिया बैल घेऊन गल्लीत फिरणारी आमच्याकडची पोरं नुसती ‘बइला’ म्हणाली असती आणि त्याच्या पायांना चाकं का नाहीत असं विचारलं असतं.

भाच्याने शेवटी ड्रॉप हँडलची सायकल आणली. त्यापूर्वी महिनाभर घरात आकड्यांचीच भाषा होती. खांद्यांच्या रुंदीएवढं हँडल हवं, म्हणून ताईने ब्लाउजच्या टेपने त्याचे खांदे मोजले आणि वाळलास म्हणाली. मग त्याच्या जुन्या, सरळ हँडलच्या सायकलीच्या चांगल्या लिव्हर या नव्या हँडलला लावू, असा काटकसरीचा विचार पुढे आला. इथे दीड मिलिमीटर आडवा आला. सरळ हँडलची नळी २२.२ मिलिमीटर जाड, ड्रॉपची २३.८. एकाची लिव्हर दुसऱ्यावर चढत नाही. मिस्त्रीने कानशीला हात घातला तेव्हा भाच्याने तिच्यावर झडप घातली.

आणि चढली असती तरी उपयोग नव्हता. सरळ हँडलवाल्या बऱ्याच सायकलींना व्ही-ब्रेक असतात. त्यांची वायर जास्त ओढावी लागते, जुन्या ड्रॉप लिव्हर ओढतात त्याच्या सुमारे दुप्पट. जोडी चुकली तर दोनांपैकी एक होतं. एक तर लिव्हर हँडलला टेकते आणि सायकल चालतच राहते, नाहीतर लिव्हर लाकडासारखी ताठ होते, बोटं दुखतात आणि सायकल चालतच राहते. पत्रिका जुळवताना आमच्याकडे छत्तीस गुण पाहतात. लिव्हर आणि ब्रेकच्या बाबतीत एकच पाहायचा, पण तो जुळायलाच हवा. तेव्हा लिव्हरही नव्या आल्या.

हँडलला गुंडाळायची टेप तो गुलाबी आणणार होता, काळी मिळाली. मे महिन्यात नौतपा लागला की रायपुरात ४५ अंशांपर्यंत पारा जातो. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या सायकलच्या रबरी मुठी हाताला चिकटतात आणि ॲल्युमिनियमच्या लिव्हर चटका देतात. काळ्या टेपने या दोन्ही सोयी एकत्र केल्या. त्यावर इथला उपाय जुनाच आहे. ओला गमछा हँडलभोवती गुंडाळायचा. भाच्याच्या सायकलकडे बघणाऱ्यांना ती नेमकी केवढ्याची हे कळत नाही, आणि मला वाटतं ताईने तो गमछा त्यासाठीच दिला असावा.

ताईला या हँडलमध्ये आधी काहीच रुची नव्हती. एका सकाळी भाच्याला बाजारातून बटाटे आणायला सांगितले तेव्हा ती स्वतः थैली घेऊन बाहेर आली आणि हँडल निरखू लागली. ड्रॉप हँडलच्या वर, पुढच्या बाजूला दोन लिव्हरची बोंडं उंच उभी असतात. हात टेकायला म्हणून केलेली ही जागा. ताईने थैलीचे बंद त्या उजव्या बोंडावर अडकवून पाहिले. थैली जागेवर राहिली, चाकापासून लांब, जराही न सरकता. “हे बरं केलंस,” ती म्हणाली. “खुंट्या आहेत.”

त्यानंतर घरचं सगळं सामान त्या खुंट्यांवरून येऊ लागलं. आठवड्याभरात भाचा तक्रार घेऊन मिस्त्रीकडे. पुढचं चाक जड चालतंय, ब्रेक सारखा लागलेला वाटतो, नवी वायर ताणली गेली असेल, लिव्हरमध्येच दोष असेल, कंपनीला लिहावं लागेल. मिस्त्रीने सायकल उचलून चाक फिरवलं, ते अडकलं. वायर बघितली, रबर बघितले. मग बंदांखाली दबलेल्या लिव्हरकडे त्याचं लक्ष गेलं. त्याने थैली काढून बाकावर ठेवली आणि चाक पुन्हा फिरवलं. चाक बराच वेळ फिरत राहिलं.

“बिरेक त बने हे, भैया,” तो म्हणाला. “आलू जादा हे.”